रेणावी ते सागरेश्वर: मे महिन्यातला एक दिवस

पहाटे ४.४५

विट्यात या वेळेला यंत्रमागांची रात्रपाळी चालूच असते. माग थांबायच्या आत मला रोपांना पाणी घालून मोकळं व्हायचं असतं. मे महिन्यात ऊन चढल्यावर पाणी दिलं की काळ्या पिशवीतली माती तापते आणि कोवळी मुळं अक्षरशः उकडतात. गावाबाहेर अर्ध्या एकरात माझी रोपवाटिका आहे. हिवर, खैर, बाभूळ, बोर, मेडशिंगी, आपटा, पळस, सालई. सगळी याच माळाची झाडं, इथल्याच बियांपासून केलेली. विट्यातल्या अनेक घरांसारखे आमच्या घरचेही गलाईच्या धंद्यात आहेत. नवरा मदुराईत सोनं-चांदी गाळतो, मी इथं माती चाळते.

कामाला येणाऱ्या मावशी झारी भरता भरता विचारतात, "औंदाबी लवकर येतोय का काय पाऊस?"

प्रश्न रास्त आहे. गेल्या वर्षी, २०२५ ला, मोसमी पाऊस मे संपायच्या आतच महाराष्ट्रात शिरला. त्याआधी वळवानं झोडपलं होतं ते वेगळंच. आमच्या कामाचं सगळं वेळापत्रक मृग नक्षत्रावर बसवलेलं. खड्डे मे महिन्यात तापू द्यायचे, रोपं कडक करायची, पाऊस दोनदा चांगला पडला की लावणी. खड्डे व्हायच्या आधीच जमीन भिजली तर हे वेळापत्रक कुठून धरायचं? आमच्या खानापूर तालुक्यात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यात चूक करायला जागा फारशी नसते.

सकाळी ६.१५

रेणावीचा घाट चढून पुढच्या एका गावाच्या गायरानात आले आहे. मागे रेवणसिद्धाचा डोंगर, समोर पवनचक्क्यांची रांग. आज इथं जगलेली झाडं मोजायची आहेत, कारण गावाला याच गायरानात पुन्हा लागवड करायची आहे आणि रात्री त्यावर बैठक आहे.

राज्याच्या मोठ्या वृक्षलागवड मोहिमेत इथं झाडं लागली. २०१६ ला दोन कोटींनी सुरुवात झाली, मग चार, मग तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटींचं लक्ष्य. त्या वेळच्या खड्ड्यांच्या ओळी अजून स्पष्ट दिसतात. जगलंय त्यात बहुतेक गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड आपल्याकडे माळावर भरपूर लावलं गेलं, कारण जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि हलक्या मुरमातही ते तग धरतं. राखणदाराचा पगार नसलेल्या लागवडीत तेवढंच उरतं.

एका वठलेल्या रोपाला हात घातला तर ते मुळासकट सहज वर आलं. करंगळीएवढं खोड, आणि खाली मुळांचा गुंडाळा, पिशवीच्या आकाराचा, तळाशी गोल गोल फिरलेला. काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी अजून त्यात अडकलेली. पिशवीत वर्षभर जास्त राहिलेलं रोप होतं हे. लावलं तेव्हा हिरवंगार असणार, मोजणीतही आलं असणार. पण सोटमुळाला खाली जायची वाट सापडलीच नाही. पहिला उन्हाळा काढला असेल, दुसऱ्यात वरची वीतभर माती वाळली आणि खेळ संपला. तिथून चार पावलांवर कुणी न लावलेलं हिवराचं पोर उभं आहे. गुडघ्याएवढंच आहे, पण हलवून बघितलं तर जमिनीत ठोकल्यासारखं घट्ट. त्याचं मूळ वरच्या फांदीपेक्षा कितीतरी खोल गेलेलं असतं. वर वाढायच्या आधी खाली उतरायचं ही या माळावरच्या झाडांची सवय, आणि हवामान जसजसं लहरी होईल तसतशी हीच सवय कामाला येणार.

ओळींच्या मधे कुसळी आणि मारवेल वाळून पिवळं पडलंय. गिरिपुष्प जिथं दाट झालंय तिथं खाली गवत नाही, नुसता पाचोळा. मी वहीत दोन्ही लिहून घेते. लागवडीच्या अहवालात गवताचा रकाना नसतो.

सकाळी ८.००

गायरानाच्या पलीकडे एका रानात धनगरांचा तळ पडलाय. शेतात मेंढरं बसवलीत, खतासाठी. मी बाभळीच्या बियांसाठी येते. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना बिया बाहेर टाकतात. सकाळी कळपाभोवतीची वाघर उचलली की लेंड्यांमधे या बिया चमकत असतात. बाभळीच्या बीचं कवच कठीण. शेळीच्या पोटातून आलेली बी झाडावरून तोडलेल्या बीपेक्षा चांगली उगवते. मी ताटात घेऊन निवडायला बसते, तळावरच्या आजी शेजारी चुलीवर चहा ठेवतात.

"तुमी झाडं लावतायसा आनि आमाला गायरानात येऊ देत न्हाईत," आजी म्हणतात. "बाभळ कुनी पेरली मग? माझ्या शेरडांनीच की."

यात रुसवा आहे आणि खरेपणाही. पूर्वी या डोंगरांवर कुरणं होती. दिवाळीनंतर गवत कापायचं, तोवर जनावर आत नाही, हे नियम गावं पाळत होती. पुढे इंग्रजांचा १८७८ चा वन कायदा आला, राखीव आणि संरक्षित अशा रेघा ओढल्या गेल्या. झाडं कमी आणि गवत जास्त असलेली जमीन कागदावर 'पडीक' किंवा 'उजाड' ठरत गेली. एकदा उजाड म्हटलं की तिथं झाडं लावणं हे पुण्यकर्म ठरतं, आणि तिथला मेंढपाळ अडथळा.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मराठीतल्या जुन्या कथा, गीतं आणि आख्यायिकांत झाडा-गवताचे जे उल्लेख येतात ते त्यांनी गोळा केले. त्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर किमान साडेसातशे वर्षांपासून गवताळ माळ आणि विखुरलेली काटेरी झाडं होती असं दिसतं. म्हणजे घनदाट जंगल तोडून आपण माळ केला, ही समजूत इथल्या पुष्कळ भागाला लागू पडत नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. आजींना त्यातलं काही सांगायची गरज पडली नाही. त्या बिरोबाच्या गाण्यातल्या माळाचं वर्णन करत होत्या, त्यात बोरी-बाभळीच होत्या.

हवामानाच्या हिशेबातही गवत कमी नाही. झाडातला कार्बन खोडात, डोळ्यांना दिसणारा. गवताचा बराचसा मुळांत आणि मातीत. वणवा आला तर झाडातला धूर होऊन जातो, जमिनीखालचा बहुतांशी राहतो. जिथं दर उन्हाळ्यात आग लागायची भीती आहे तिथं कार्बन कुठं ठेवलेला बरा, हे ठरवायला फार मोठं गणित लागत नाही.

सकाळी १०.१५

ऊन आता बोलू देत नाही. येरळेकाठी बलवडीच्या बाजूनं खाली उतरते. पात्रात पाण्याचं डबकं आणि वेड्या बाभळी.

या नदीवर बळीराजा धरण आहे. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीनं, डॉ. भारत पाटणकर आणि इथल्या शेतकऱ्यांनी, ते लढून बांधलं. नदीतली वाळू ठेकेदारांनी उपसून न्यायची आणि गावानं कोरडं राहायचं, हे उलटवून वाळूच्याच पैशांतून बांधलेलं धरण. पाण्यात भूमिहीनांनाही वाटा. भाई संपतराव पवारांनी उभं केलेलं क्रांतिस्मृतिवनही याच बलवडीतलं, स्वातंत्र्यलढ्यातल्या क्रांतिकारकांच्या नावानं झाडं लावलेलं. दुष्काळाला इथल्या माणसांनी नेहमी काहीतरी करूनच उत्तर दिलंय. रोजगार हमीचा पहिला प्रयोगसुद्धा १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर लाखो माणसं जगली. डोंगरांवरचे बांध, चर, खड्डे यांतला मोठा भाग त्या आणि नंतरच्या काळातल्या रोहयोच्या मजुरांच्या हातचा आहे. जंगलाचा इतिहास लिहिताना या हातांचं नाव पहिल्या पानावर हवं.

दुपारी १२.००

देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि सागरेश्वर अभयारण्याचं दार.

अभयारण्यातून शेंगसुद्धा उचलायची नसते. मी इथं येते ती बघायला. कोणतं झाड कधी पान टाकतं, कोणाला पालवी कधी फुटते, पाणवठ्यांच्या आसपास काय उगवतंय. या नोंदी मी ठेवते, कारण माझ्या रोपांचं पुढं काय होणार ते इथं दिसतं. सागरेश्वर हे माणसांनी उभं केलेलं जंगल आहे. कृष्णा आणि येरळा यांच्या मधला हा डोंगर उघडाबोडका होता. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, सरकारला, पुढाऱ्यांना आणि गावांना त्यामागे लावलं, झाडं लावून घेतली, हरणं आणून सोडायला लावली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. बारमाही नैसर्गिक पाणी नाही. भोवती कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. महाराष्ट्रात मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. एका माणसाच्या हट्टातून एवढा डोंगर हिरवा झाला, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय.

पण माणसानं उभं केलेल्या जंगलाची जबाबदारी माणसाकडेच राहते, आणि हवामान बदलतंय तशी ती वाढते. पाणवठ्याच्या सिमेंटच्या कडेला सावलीत बसलेल्या वनमजूर दादांना विचारलं, पाणी किती पुरतं? "पूर्वी मार्चपातूर लागायचं न्हाई टँकर," ते म्हणाले. "आता ते सांगता येत न्हाई. एखाद्या सालाला जानेवारीतच." शेजारून कृष्णेचं पाणी उचलणारी ताकारी योजना जाते. तिच्यामुळे डोंगराच्या पायथ्याला ऊस आला. आत सुकं, बाहेर हिरवा ऊस, मग कुंपणाच्या फटीतून हरणं बाहेर पडतात आणि शेतकऱ्याच्या पिकात शिरतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं, हरणाची तहानही खरी.

दुसरी गोष्ट जरा वेळ लावून बघितली तर दिसते. झाडं बरीचशी एकाच वयाची आहेत. थोड्या वर्षांच्या अंतरात लागली, एकत्र वाढली, एकत्रच म्हातारी होणार. त्यांच्या पायाशी पुढची पिढी फार कमी ठिकाणी दिसते. बंदिस्त जागेत हरणं कोवळं ते पहिलं खातात. नैसर्गिक रानात म्हातारं, तरुण, पोर अशी सगळी झाडं एकाच जागी असतात. एक दुष्काळ म्हातारी नेतो, दुसरा पोरं नेतो, रान राहतं. एका वयाच्या लागवडीत जे होईल ते सगळ्यांचं एकदम होतं.

याचं उदाहरण म्हणजे जर्मनीतला हार्ट्झ नावाचा डोंगर. तिथं खाणींसाठी, लाकडासाठी पिढ्यान् पिढ्या स्प्रूस हे एकच झाड ओळीत लावलं. २०१८ पासून लागोपाठ कोरडी, गरम वर्षं आली, तहानलेल्या झाडांना साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी गाठलं, आणि डोंगरच्या डोंगर राखाडी झाले. झाड मारलं दुष्काळानं आणि किड्यानं, पण मरण्याची तयारी करून ठेवली होती दोनशे वर्षांपूर्वीच्या लागवडीनं. १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक म्हणून नेमलेला डीट्रिश ब्रँडिस मूळचा जर्मनीतल्या बॉनचा. जंगलाकडे लाकडाचं कोठार म्हणून बघायची, मोजून, आखून वाढवायची ती शिस्त त्याच्या खात्याबरोबर इथं रुजली. त्याआधी, १८४७ पासून, मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन, दापोडीच्या बागेचा प्रमुख. झाडं तुटली की झरे आटतात, हे तो सरकारला त्या काळात लिहून कळवत होता. म्हणजे पाणी, पाऊस आणि जंगल यांचा संबंध या खात्याच्या जन्मापासूनच्या कागदांत आहे. लाकडाचा हिशेब मात्र पुढे गेला आणि पाण्याचा मागे राहिला.

दादांच्या मोबाइलवर संदेश येतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके पकडते आणि त्या त्या वनकर्मचाऱ्यांपर्यंत इशारा पोहोचतो. हा ठिपका त्यांच्या हद्दीतला नव्हता, कुणीतरी शेताचा बांध पेटवला होता. तरी ते उठून टेकाडावर जाऊन बघून आले. जाळरेषा फेब्रुवारीतच काढून झाल्या आहेत. आता फक्त नजर ठेवायची, पाऊस येईपर्यंत.

दुपारी ३.३०

रोपवाटिकेत परत. सकाळच्या बिया पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या पोकळ, बुडाल्या त्या घ्यायच्या. धावड्याचं बी मात्र दरवर्षी हताश करतं. ओंजळभर पेरलं तर मोजकी रोपं उगवतात. तरी पेरते, कारण खडकाळ उतारावर त्याच्याइतकं चिवट दुसरं झाड मला माहीत नाही.

फोन वाजतो. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाचे ग्रामसेवक.

"ताई, पाच जूनच्या आत पाचशे रोपं पाहिजेत. लवकर वाढणारी द्या."

"भाऊसाहेब, जमीन भिजल्याशिवाय नका लावू. पाच जूनला फोटो निघतील, पंधरा जूनला रोपं मरतील."

"वरून तारीख आलीय हो."

"मग त्या दिवशी खड्डे भरून घ्या, चर साफ करा, त्याचे फोटो काढा. रोपं मी दोन पाऊस झाल्यावर स्वतः आणून देते. आणि पाचशेच्या जागी तीनशे न्या, पण सहा जातींची."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. या धंद्यात एवढंही पुष्कळ. पर्यावरण दिनाची तारीख जगासाठी ठीक आहे, खानापूर-आटपाडीच्या मुरमाला ती लागू करायचं कारण नाही.

सायंकाळी ५.४०

वळीव आला. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा. शेडनेटचे कोपरे धरून मावशी आणि मी उभ्या. पंचवीस मिनिटांत रोपवाटिकेच्या बाहेरचा ओढा तांबडा होऊन वाहायला लागला.

हेच आता वारंवार होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आपल्या जिल्ह्यानं याचं टोक पाहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडालं होतं, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात जनावरं चारा छावण्यांत होती. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस राज्यानं दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत खानापूर आणि कडेगावही होते.

अशा पावसात डोंगरउतारावर काय टिकतं ते मी घरी न जाता बघून आले. गाडी काढली आणि जवळच्या टेकडीच्या पायथ्याशी गेले. जिथं गवत शाबूत होतं तिथून येणारं पाणी जवळजवळ नितळ. जिथं खड्डे खणून माती मोकळी करून ठेवलीय तिथून गाळ. दाट गिरिपुष्पाखालच्या उघड्या जमिनीवरूनही गाळच. सलग समतल चर भरून एका ठिकाणी फुटला होता, आणि फुटल्यावर त्यानं खालच्या तीन ओळींची माती वाहून नेली. हे चर पूर्वीच्या पावसाच्या हिशेबानं आखलेले असतात. तासाभरात पडणाऱ्या पावसासाठी त्यांना सांडवे हवेत, तोंडाशी दगडाचं पिचिंग हवं, काठावर गवत हवं.

रात्री ८.००

सकाळच्या गायरानाचं गाव. देवळाच्या मंडपात बैठक. सरपंच, गावातले वयस्कर तात्या, बचत गटाच्या चौघी-पाचजणी, धनगरवाड्यावरून दोघं. त्यांना बोलवा असं मी आठ दिवस आधी सांगितलं होतं.

मी सकाळच्या मोजणीचा कागद वाचला. जगलेली किती, त्यात गिरिपुष्प किती, आपोआप उगवलेले हिवर-बोर किती. शेवटचा आकडा ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजे आपन काईच न्हाई केलं तर जास्त झाडं येत्यात?" तसं नाही, मी म्हटलं. राखण केली तर येतात. न लावता राखणं हेसुद्धा काम आहे, त्याला पगार लागतो.

मग गायरानाचा नकाशा पाटीवर काढला. माथ्यावर खड्डे नकोत, तिथं गवत राहू द्यायचं आणि दिवाळीपर्यंत चराई बंद. मधल्या उतारावर लावणी नाही, बाभूळ-हिवर-खैराचं बी पावसाच्या तोंडाला मातीत मिसळून टोकायचं, आणि आपोआप आलेल्या पोरांना दगडाचं आळं करायचं. ओढ्याच्या दोन्ही काठांना, जिथं ओल राहते, तिथंच रोपं: करंज, जांभूळ, उंबर, शिवण. जुनं गिरिपुष्प एकदम तोडायचं नाही, टप्प्यानं विरळ करून त्याचा पाला शेतात हिरवळीच्या खताला न्यायचा, मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या जाती आणायच्या. सागरेश्वरला दिसलेलं सगळं मी इथं मांडलं. एकाच वेळी सगळं लावू नका, पाच-सात वर्षांत विभागून लावा, म्हणजे झाडं वेगवेगळ्या वयाची राहतील.

चराईवरून वाद झाला. धनगरवाड्यावरचे म्हणाले, दिवाळीपर्यंत बंद तर आमची मेंढरं जाणार कुठं? बचत गटातल्या एका बाईंनी तोडगा काढला: गायरानाचे तीन भाग करा, दोन बंद, एक उघडा, दरसाल फिरवा. यावर कुणी नाही म्हणालं नाही. जुन्या कुरणांची रीत अशीच होती, तात्यांना आठवलं.

सरपंचांनी प्रस्तावाचा नमुना पुढं केला. 'लावायच्या वृक्षांची संख्या' या ओळीत काय लिहायचं? मी ओढ्याकाठच्या रोपांचा आकडा सांगितला, तो छोटा होता. खाली वेगळ्या कागदावर राखणदाराचा तीन वर्षांचा पगार, दगडी सांडवे आणि बी टोकणीची मजुरी लिहून जोडायची ठरली. राखणदार कोण, यावर दोन नावं आली. एक गावातलं, एक धनगरवाड्यावरचं. निर्णय सोमवारच्या ग्रामसभेत होईल. मी दोघांनाही उद्या सकाळी साडेसहाला ओढ्यावर बोलावलंय, सांडव्यांच्या जागा दाखवायला.